दाण्याचा चक्का

पाव किलो पुरेल, मी म्हणालो.
रंजना म्हणाली, अर्धा घ्या,
सणाला माणूस सांगून येतं का?
अर्धा किलो शेंगदाणे, सत्तर रुपये.
पलीकडे डेअरीपुढची रांग
पार धनकवडीच्या बसस्टॉपला टेकलेली,
पाटीवर खडूने चक्क्याचा भाव,
एक आकडा खोडून त्यावर दुसरा.
रांगेतून कुणीतरी हाक मारली,
"काय दूधवाले, आज इकडे नाही?"
मी पिशवी जरा मागे धरली.

सव्वीस वर्षं
पहाटे साडेतीनला उठून या गावाच्या दारांत दूध ठेवलं.
कुणाच्या कडीला पिशवी, कुणाच्या चपलांच्या रॅकवर,
एका जिन्यात कुत्रं, एका जिन्यात दिवा नाही.
आणि आता माझ्याच घरात
लेक म्हणते, दूध नको, दही नको,
तूपसुद्धा नको.
वरणावर तूप नाही म्हटल्यावर
तिकोनेबाई उंबऱ्यातच थबकल्या,
"अगंबाई, मग पाडवा कसला!"

काजूचं करतात लोक, चैताली म्हणाली,
पण तेवढ्या पैशात आपलं सगळं ताट होतं.
भिजलेल्या दाण्यांची सालं काढत तिघं बसलो,
बोटं सुरकुतली.
वाटले, गाळले, उकळले,
कोमट झाल्यावर विरजण म्हणून
तिने हिरव्या मिरच्यांचे देठ टाकले, आठ.
मी हसलो.
पहिलं नासलंच. कुंडीत ओतलं.
पुन्हा दुकान, पुन्हा पस्तीस रुपये, आता पाव किलोच.
दुसऱ्या खेपेला पातेलं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं
आणि ते लागलं,
सुरीने कापावं असं.
माझं हसू कुठे गेलं कुणी विचारलं नाही.

तिने कारण कधी मोठ्याने सांगितलं नाही.
कॉलेजात असताना मांजरीला एका गोठ्यावर गेली होती.
म्हशीपुढे रेडकू उभं होतं
पेंढा भरलेलं,
पोटावर सुतळीची शिवण.
म्हैस त्याला चाटत होती
आणि पान्हा सोडत होती.
घरी येऊन मला एवढंच म्हणाली,
"तुम्हाला माहीत होतं?"
मी म्हणालो, चहा निवतोय.

पाडव्याच्या आदल्या रात्री
माझ्या जुन्या पंचात बांधून
चक्का मोरीतल्या नळाला टांगला.
साडेतीनला जाग आली, सवयीने.
कुठे जायचं नव्हतं.
अंधारात पातेल्यात थेंब पडत होते,
एक पडला की दुसऱ्याची वाट बघायची.
बघत राहिलो.

ते पाणी रंजनाने टाकू दिलं नाही.
त्यातच पुऱ्यांची कणीक भिजवली,
मळायला मला बसवलं.
चैताली समोर, जायफळ किसत.
केशर नाही, चिमूट हळद,
वेलदोडे पाचच, पण ताजे.
मी परातीत बघत म्हणालो,
"होतं माहीत."
किसणी थांबली. परत चालू झाली.
"घट्ट मळा बाबा," ती म्हणाली,
"सैल झालं की पुऱ्या तेल पितात."

गुढी उभी राहिली. साखरेची गाठी, कडुलिंबाचा डहाळा.
ताटात बटाट्याची भाजी, मसालेभात, वर ओलं खोबरं,
काकडीच्या कोशिंबिरीत दह्याऐवजी कूट आणि लिंबू,
वरणावर लसणीची फोडणी, चरचरीत.
आणि वाटीत ते.
दाण्याचा वास येतो.
येत नाही असं कुणी म्हणू नये.

तिकोनेबाई दुपारी आल्या, नको नको म्हणत बसल्या,
बोटाने चाटलं,
छताकडे बघितलं,
पुन्हा चाटलं.
"जायफळ जास्त झालंय," म्हणाल्या
आणि पदराखालून
रिकामी वाटी काढली.